घरातल्या भिंतीवर वेगवेगळ्या टाइल्स एकत्र लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाइलच्या दुकानात आधी रंग आणि डिझाइन डोळ्यांत भरतं. भिंतीवर लावल्यावर मात्र दोन टाइल्सचं जमतं की बिनसतं ते माप, जाडी आणि सांध्यांवर. नव्या फ्लॅटचं बाथरूम असो की जुन्या सोसायटीतलं स्वयंपाकघर, काम सुरू व्हायच्या आधी लोक जे विचारतात आणि जे विचारायला हवं, ते इथे एकत्र केलं आहे.

एका बाथरूममध्ये किती प्रकारच्या टाइल्स चालतात?

भिंतींना दोन आणि जमिनीला एक. चौथी आणायची असेल तर ती कुठे आणि कशासाठी, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे: "शॉवरच्या मागच्या भिंतीला", "बेसिनच्या वरच्या पट्ट्याला". "छान वाटली म्हणून" एवढंच कारण असेल तर ती दुकानातच राहू द्या. दोन टाइल्स निम्म्या-निम्म्या लावू नका. एक मुख्य ठेवा, शक्यतो साधी, आणि तिनेच बहुतेक भिंत व्यापू द्या. दुसरीला एकच जागा द्या, पण पूर्ण द्या.

दुकानदार डार्क, लाइट आणि हायलायटर (छापील नक्षीची टाइल) असा सेट दाखवतो. तो घ्यावा का?

गुजरातमधल्या मोरबीहून येणाऱ्या १२×१८ आणि १२×२४ इंची सिरॅमिक वॉल टाइल्स बहुधा अशाच सेटमध्ये येतात. बिल्डरच्या फ्लॅटमध्ये त्यांची मांडणी ठरलेली असते: टाइल आडवी, खाली डार्कच्या तीन ओळी, मध्ये हायलायटरची एक, वर लाइटच्या तीन. फूटभर उंचीच्या सात ओळी, म्हणजे सात फूट झाले.

या सेटचा फायदा खरा आहे. तिन्ही टाइल्स एकाच मापाच्या आणि जाडीच्या असतात, त्यामुळे सांधे आपोआप जुळतात आणि मिस्त्रीचं काम सोपं होतं. अडचण त्या मधल्या पट्ट्याची आहे. छातीच्या उंचीवर चारही भिंतींना फिरणारी छापील ओळ लहान बाथरूमचे आडवे दोन तुकडे करते आणि छत आणखी खाली आल्यासारखं वाटतं. शिवाय गोटे, ऑर्किडची फुलं किंवा कॉफीचे कप वर्षभरात डोळ्यांना नकोसे होतात.

माझं मत विचाराल तर सेटमधली डार्क आणि लाइट घ्या, छापील हायलायटर सोडा. डार्क टाइल एका पूर्ण भिंतीला खालपासून वरपर्यंत लावा आणि उरलेल्या तीन भिंती लाइट ठेवा. हायलायटर आवडलाच असेल तर तो आडवा फिरवू नका. शॉवरच्या किंवा आरशाच्या मागे उभा पट्टा करा, खोली उंच दिसते.

वेगवेगळ्या मापांच्या टाइल्स एकाच भिंतीवर लावता येतात का?

लावता येतात, पण एक माप दुसऱ्यात पूर्ण भागलं जायला हवं आणि तो भागाकार कागदी मापावर नाही, प्रत्यक्ष मापावर करायला हवा. १२×२४ ला आपण एक बाय दोन फूट म्हणतो, पण ती असते ३०० × ६०० मिलिमीटर. फूट होतो ३०४.८ मिलिमीटरचा. २×४ फुटी म्हणून विकली जाणारी टाइल ६०० × १२०० ची असते, आणि काही कंपन्यांची त्याहूनही दोन-चार मिलिमीटर कमी भरते.

आता ३०० × ६०० शेजारी १०० × ३०० ची मेट्रो टाइल (विटेसारखी लांबट टाइल) लावायची आहे असं समजा. मेट्रोच्या तीन ओळी आडव्या रचल्या की ३०० मिलिमीटर होतात, म्हणजे मोठ्या टाइलच्या एका ओळीबरोबर, असा हिशेब लोक करतात. त्यात सांधे धरलेले नसतात. दोन मिलिमीटरचा सांधा धरला तर मोठ्या टाइलची एक ओळ ३०२ ची आणि मेट्रोच्या तीन ओळी ३०६ च्या. दर ओळीला चार मिलिमीटरचा फरक. सातव्या ओळीला पोचेपर्यंत तो २८ मिलिमीटर होतो, म्हणजे इंचाहून जास्त. खाली जुळलेले सांधे वर जाता जाता सरकत गेलेले दिसतात आणि दोष मात्र मिस्त्रीच्या माथी येतो.

म्हणून जी मापं जुळत नाहीत ती जुळवायला जाऊच नका. अशा दोन टाइल्सची गाठ खोलीच्या कोपऱ्यात घाला, किंवा मध्ये धातूची पट्टी टाका. पट्टीच्या दोन्ही बाजूंचे सांधे वेगळे असले तरी ते मुद्दाम केल्यासारखे दिसतात. ३०० × ६०० बरोबर ३०० × ३०० किंवा ६०० × ६०० मात्र, सारख्या लांबीच्या बाजू शेजारी ठेवल्या तर, सहज बसते. दोन्हींचे डबे उघडून टेपने मोजून घ्या.

जाडी वेगळी असेल तर?

साधी सिरॅमिक वॉल टाइल आणि २×४ ची व्हिट्रिफाइड (जास्त भाजून घट्ट, कडक केलेली) टाइल यांच्यात एक-दोन मिलिमीटरचा फरक असेल तर तो चिकटवण्याच्या मालात सांभाळता येतो. काचेच्या मोझॅकचं (लहान तुकड्यांच्या टाइलचं) तसं नाही. ते साधारण चार मिलिमीटरचं असतं आणि शेजारी नऊ मिलिमीटरची टाइल आली की पाच मिलिमीटरची पायरी पडते. ॲडेसिव्हचा जाड थर भरून ती पायरी काढायची म्हटली तर मोझॅकचे तुकडे वरखाली होतात. मोझॅकच्या जागेचं प्लास्टर आधीच तेवढं उचलून सपाट करून घ्यावं आणि ते पूर्ण सुकल्यावर मोझॅक चिकटवावं. हे प्लास्टरच्या वेळी सांगावं लागतं, टाइल लावायच्या दिवशी नाही.

काचेच्या मोझॅकला पांढरंच ॲडेसिव्ह लागतं. राखाडी ॲडेसिव्ह काचेतून दिसतं आणि रंग मळकट होतो.

टाइल्स घेण्याआधी भिंतीचं चित्र काढायलाच हवं का?

हवंच. वहीचं एक पान पुरतं. पाच बाय आठ फुटांचं नेहमीचं बाथरूम घ्या. आठ फुटी भिंत म्हणजे २४३८ मिलिमीटर. ६०० ची टाइल दोन मिलिमीटरच्या सांध्याने एका कोपऱ्यापासून लावत गेलात तर चार टाइल्स आणि त्यांचे सांधे मिळून २४०८ होतात. शेवटी उरते जेमतेम तीन सेंटिमीटरची चिंधी. ती कापताना तुटते, आणि लागली तरी दारातून आत येताना पहिली नजर तिच्यावरच जाते.

त्याच भिंतीच्या मध्यरेषेवर एका टाइलचा मध्य ठेवा. मध्ये तीन अख्ख्या टाइल्स आणि दोन्ही टोकांना ३१५ मिलिमीटरचे, म्हणजे अर्ध्याहून थोडे मोठे, सारखे तुकडे येतात. तीच भिंत, त्याच टाइल्स, फक्त सुरुवात बदलली. पाच फुटी भिंतीला (१५२४ मिलिमीटर) मध्ये एक अख्खी टाइल घेतली तर दोन्हीकडे ४६० चे तुकडे येतात.

दोन प्रकारच्या टाइल्स असतील तर या चित्राची गरज दुप्पट आहे, कारण कुठली टाइल किती नग लागणार हे त्यावरूनच कळतं. दार, खिडकी, गिझरचा पॉइंट, डायव्हर्टर (नळ-शॉवरमध्ये पाणी वळवणारा खटका), सगळं चित्रात घ्या. बाजूच्या भिंतींवर टाइल लागली की मधली भिंत दोन-तीन सेंटिमीटरने अरुंद होते, तेवढंही धरा. आणि मिस्त्रीला दर्शनी भिंत कुठली ते सांगा, म्हणजे कापलेले तुकडे तो दाराच्या पाठीमागे ढकलेल.

स्वयंपाकघराच्या डॅडोला (ओट्यामागच्या भिंतीला) काय लावावं?

आपल्याकडे ओटा बहुधा काळ्या ग्रॅनाइटचा आणि त्यामागे वरच्या कपाटांपर्यंत दोन फुटांची भिंत. ही पट्टी लहान आहे पण ओट्यापाशी उभ्या माणसाच्या थेट डोळ्यांसमोर आहे, म्हणून नक्षीची टाइल घरात एकाच ठिकाणी लावायची तर ती इथे लावा.

शेगडीच्या मागचा भाग मात्र वेगळा धरा. रोजच्या फोडणीचे हळद-तेलाचे शिंतोडे तिथे बसतात. उठावाच्या, खाचांच्या थ्रीडी टाइल्स तिथे नकोत, तेलकटपणा खाचांत जाऊन बसतो. लहान मोझॅकही नको, कारण जितकी टाइल लहान तितके सांधे जास्त आणि पांढऱ्या सिमेंटचा सांधा हळदीने पिवळा झाला की घासून जात नाही. शेगडीमागे गुळगुळीत मोठी टाइल, सांध्यात एपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा रेझिनचा माल), आणि नक्षी सिंकच्या बाजूला किंवा खिडकीखाली, ही वाटणी टिकते.

स्विचबोर्ड कुठे येणार ते आधी ठरवा. नक्षीच्या टाइलच्या बरोबर मध्यावर मिक्सरचा सॉकेट आला तर सगळ्या जुळवणीची माती होते.

चकचकीत आणि मॅट एकत्र चालतात?

चालतात, आणि रंग एकच ठेवून फक्त पोत बदलणं हा मला सर्वांत आवडणारा प्रकार आहे. तीन भिंती मॅट पांढऱ्या आणि एक चकचकीत पांढरी. खोली शांत राहते आणि कंटाळवाणीही होत नाही.

पाण्याचा विचार मात्र करा. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर गडद टाइलवर क्षारांचे पांढरे ओघळ उठून दिसतात आणि गडद मॅटवरून ते काढणं सर्वांत जिकिरीचं. अशा घरात शॉवरच्या भिंतीला फिका किंवा मध्यम रंग घ्या. काळी-निळी टाइल आवडत असेल तर ती बेसिनच्या कोरड्या बाजूला लावा.

भिंतीची टाइल जमिनीवर लावता येते का?

नाही. ती मऊ असते, तिचा वरचा थर चालण्यासाठी बनवलेला नसतो आणि ओली झाली की पाय घसरतो. जमिनीची टाइल भिंतीवर चालते.

सगळ्यांना एकच सिमेंट चालेल का?

सिरॅमिक वॉल टाइल पाणी पिते, म्हणूनच ती काही तास पाण्यात भिजवून सिमेंटवर लावायची जुनी पद्धत चालून जाते. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, अर्ध्या टक्क्याच्या आतच. सिमेंटची पकड तिच्या पाठीत शिरतच नाही. लावल्यावर ती ठीक दिसते आणि काही महिन्यांनी पोकळ वाजायला लागते. २×४ ची एक टाइल १४-१५ किलोची असते, ती भिंतीवरून सुटणं म्हणजे थेट अपघात.

एका खोलीत दोन्ही जाती असतील तर सगळ्याच ॲडेसिव्हने लावा. टाइल ॲडेसिव्हसाठी आयएस १५४७७ हे भारतीय मानक आहे आणि त्यात टाइप १ ते टाइप ५ असे वर्ग आहेत. व्हिट्रिफाइडला किमान टाइप २ घ्या, आणि काच किंवा दगड असेल तर पिशवीवर त्याचा स्पष्ट उल्लेख आहे का ते वाचा. ॲडेसिव्हने लावायची टाइल भिजवायची नाही. सवयीने मिस्त्री पाण्याचा ड्रम भरून ठेवतात, त्यांना पहिल्याच दिवशी सांगा. मोठ्या टाइलला भिंतीवर दातेरी करणीने आणि टाइलच्या पाठीलाही, असा दोन्हीकडे माल लावून घ्या. पाच ठिपके देऊन दाबलेली टाइल कोपऱ्यात पोकळ राहते आणि खिळा ठोकताना तिथेच फुटते.

जिप्सम प्लास्टरवर टाइल लावू देऊ नका. रंग असेल तर तो खरवडून, टाचे मारूनच पुढे जा.

ग्राउट कुठल्या रंगाचं घ्यावं?

दोन वेगळ्या टाइल्सना जोडणारी सर्वांत स्वस्त गोष्ट म्हणजे एकाच रंगाचं ग्राउट. दोन टाइल्सपैकी फिक्या टाइलहून एक छटा गडद घ्या. दोन रंगांचे दोन ग्राउट लावले की पट्टे उठून येतात. सांध्याची रुंदीही एकच ठेवा: कडा घासून सरळ केलेल्या टाइलला दोन मिलिमीटर पुरतात, हातघडणीच्या टाइलला तीन ते पाच लागतात, आणि दोन्ही शेजारी असतील तर मोठा आकडा पाळा. बिनसांध्याची टाइल लावून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा.

एपॉक्सी मॅट टाइलवर वाळलं तर त्याचा धुरकट थर राहतो. ते लागलीच पुसलं जातंय का ते तिथे उभं राहून बघा.

दुकानात जुळणारे रंग घरी का जुळत नाहीत?

दुकानातला उजेड वेगळा असतो म्हणून. पांढऱ्यातही पिवळसर पांढरा आणि निळसर पांढरा असतो. दोन्ही एकमेकांशेजारी आले की पहिला जुनाट दिसतो. प्रत्येक टाइलचा एकेक नमुना घरी आणा, त्याच बाथरूममध्ये भिंतीला टेकवून उभा करा, जो दिवा लावणार आहात तो लावून रात्री बघा आणि खिडकीच्या उजेडात दुपारीही बघा. आडवा ठेवलेला नमुना फसवतो, उजेड भिंतीवर वेगळा पडतो.

माल आला की पेट्यांवरचा शेड आणि बॅच क्रमांक वाचा. एकाच नावाच्या टाइलच्या दोन बॅचमध्ये रंगाचा आणि मापाचाही फरक असतो. दोन बॅच आल्याच असतील तर एकीला एक पूर्ण भिंत द्या, मिसळू नका.

एक टाइल संपून दुसरी कुठे सुरू करावी?

कोपऱ्यात, खिडकीच्या कडेला, कोनाड्याच्या आत किंवा ओट्याच्या टोकाला. भिंत जिथे स्वतःच वळते किंवा थांबते तिथे बदल नैसर्गिक वाटतो. बाहेर आलेल्या कोपऱ्यावर ४५ अंशात कड मारून दोन टाइल्स जोडतात. हे काम चांगल्या हाताचं हवं, नाहीतर कपचे उडतात. तसा मिस्त्री नसेल तर ॲल्युमिनियमची किंवा स्टीलची कॉर्नर पट्टी टाका, आणि घरभर एकाच रंगाची ठेवा.

गोव्यातल्यासारख्या निळ्या नक्षीच्या किंवा मोरोक्कन टाइल्स लावायच्या आहेत. किती लावाव्यात?

पणजीच्या फोंताइन्हास या जुन्या पोर्तुगीज वस्तीत फिरताना बघा. कित्येक घरांवर अझुलेजो (पोर्तुगीज धाटणीची रंगवलेली टाइल) फक्त नावाच्या किंवा क्रमांकाच्या पाटीपुरता असतो, बाकी भिंत सपाट पिवळी, निळी नाहीतर लाल. ती लहानशी पाटी नजरेत भरते ती भोवतालच्या मोकळ्या भिंतीमुळे. घरात हाच हिशेब ठेवा: एक चौकट, एक कोनाडा, फार तर बेसिनमागची एक भिंत. शेजारच्या साध्या टाइलचा रंग नक्षीच्या पार्श्वभूमीतून उचला, नक्षीतल्या सर्वांत भडक रंगातून नको.

हातघडणीच्या टाइलची मापं थोडी कमी-जास्त असणारच. त्या आधी जमिनीवर कोरड्या मांडून क्रम लावून घ्या. सिमेंटच्या रंगीत लाद्या भिंतीवर लावायच्या असतील तर त्या जाड आणि वजनदार असतात, पाणी पितात, त्यांना सीलर (पाणी अडवणारा लेप) लागतो, आणि ॲसिड लावलं तर रंग जातो. बाथरूम ॲसिडने धुणाऱ्या घरात त्या नकोत.

पाइप गळतीसाठी भिंत फोडली. तीच टाइल आता मिळत नाही. काय करावं?

हा प्रश्न जुन्या सोसायट्यांमध्ये रोजचा आहे. लोक जुना तुकडा पिशवीत घालून दहा दुकानं फिरतात आणि त्याच्या जवळपासची टाइल आणतात. जवळपासची टाइल हेच सर्वांत वाईट उत्तर आहे. रंगात थोडा फरक असलेलं ठिगळ कायम ठिगळच दिसतं.

त्यापेक्षा फोडलेला भाग सरळ करून घ्या. पाइप जिथून गेला तिथे जमिनीपासून वरपर्यंत एक उभा पट्टा पूर्ण काढा आणि त्यात अगदी वेगळी, ठळक टाइल लावा. माप तेवढं जुन्या टाइलचंच शोधा, म्हणजे आडवे सांधे चालू राहतील. जुन्या टाइल्स १२×८ किंवा ८×८ इंची असतील आणि ते माप मिळत नसेल तर मोठी टाइल घेऊन यंत्रावर कापून घ्या. पट्ट्याच्या दोन्ही कडांना बारीक धातूची पट्टी घाला. समोरच्या भिंतीवर आरशाच्या मागे तीच टाइल एकदा पुन्हा आली की दुरुस्ती कुठली हे कोणी ओळखणार नाही.

जुन्या टाइलवरच नवी लावली तर?

चालते, पण आधी नाण्याने प्रत्येक टाइल वाजवून बघा. पोकळ वाजणारी काढून टाका. योग्य ॲडेसिव्ह वापरा. भिंत साधारण दीड सेंटिमीटरने पुढे येईल, तेव्हा कन्सील्ड (भिंतीत बसवलेल्या) नळांना एक्स्टेंशन लागेल आणि दाराची चौकट आत गेल्यासारखी दिसेल. आधीच एकदा टाइलवर टाइल झाली असेल तर तिसरा थर नको, फोडा.

कामाचा क्रम काय ठेवावा?

वॉटरप्रूफिंग आणि त्याची पाण्याची चाचणी झाल्यावर भिंती आधी, पण तळची ओळ सोडून. दुसऱ्या ओळीला आधाराची सरळ पट्टी ठोकून तिथून वर चढायचं. मग जमीन, उतारासकट. शेवटी भिंतीची तळची ओळ, उतार बघून कापलेली. असं केलं की उताराचा तिरकेपणा तळच्या एका ओळीतच राहतो आणि वरचे सगळे सांधे पातळीत येतात. दोन टाइल्सचा डाव असेल तर नक्षीची भिंत आधी लावा आणि साध्या टाइलला तिच्या सांध्यांशी जुळवून घ्या.

किती जास्तीच्या घ्याव्यात?

सरळ मांडणीला आठ-दहा टक्के, तिरक्या किंवा हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारख्या) मांडणीला १५ पर्यंत. मुख्य टाइलचा हिशेब चौरस फुटांत चालतो. ३०० × ६०० च्या पाच नगांच्या पेटीत ०.९ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ९.७ चौरस फूट. नक्षीच्या टाइलचा हिशेब मात्र चित्रावरून नगांत करा आणि तिच्याही दोन-तीन जास्त घ्या, कारण कमी पडली तर तीच नेमकी संपलेली असते. न फोडलेल्या पेट्या परत घेणार का हे बिलावर लिहून घ्या.

प्रत्येक प्रकारची एक पेटी माळ्यावर ठेवा आणि तिच्यावर खोलीचं नाव मार्करने लिहा. पुढे पाइप फुटला तर हीच कामी येते. फुटके-कापलेले तुकडे टाकण्याआधी गच्चीवर चायना मोझॅकचं (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांच्या फरशीचं) काम निघणार आहे का ते सोसायटीत विचारा, चकचकीत फिक्या रंगाचे तुकडे तिथे उपयोगी पडतात.